'शांती' आणि 'प्रायश्चित्त' : दोन शब्दांचा व्यवहार

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठच्या राक्षसभुवनात शनीची शांती केली जाते. नदीच्या वरच्या अंगाचे पैठण धर्मनिर्णयाचे पीठ म्हणून ख्यात होते. शमन आणि शुद्धी या कल्पना अशा एकाच नदीकाठी नांदल्या. मराठीने मात्र त्यांची क्रियापदे वेगळी राखली. शांती 'केली' जाते. प्रायश्चित्त 'दिले' व 'घेतले' जाते. शांतीला कर्त्याचा दोष गृहीत धरावा लागत नाही. साडेसाती निरपराध माणसालाही येते. प्रायश्चित्ताला दोष लागतो आणि तो ठरविणाराही लागतो.

हा ठरविणारा शब्दाच्या व्युत्पत्तीत नाही. धर्मशास्त्रकारांनी 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय अशी फोड केली. तीत कर्ता एकटाच आहे. व्यवहारात मात्र निश्चय एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा झाला. परंपरेनुसार ज्ञानेश्वरांचे पणजोबा त्र्यंबकपंत बीडचे देशाधिकारी होते. त्याच कुळातील विठ्ठलपंतांना आळंदीच्या ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणास जावे लागले. या कथेची ऐतिहासिकता वादग्रस्त असली, तरी 'देणे' या क्रियापदातील सत्ता ती अचूक दाखविते. शके १२१२ मधील 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायात, कीर्तनाने प्रायश्चित्तांचा व्यवसायच बुडविला, अशा आशयाची ओवी आहे. तिचा रोख पश्चात्तापावर नाही. पापच उरले नाही, तर ते ठरविणाऱ्याचे प्रयोजनही उरत नाही.

हा व्यवसाय अर्थातच बुडाला नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य उभे राहिले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले, ते पापाच्या जाणिवेने नव्हे, तर बहिष्काराने अडचणीत आलेल्या स्नेह्यांसाठी. सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली. येथे 'घेणे' हे क्रियापद कायम राहिले, पण अर्थ उलटला. दोष मान्य नसताना घेतलेले प्रायश्चित्त ही वस्तुतः शांतीच होय, ग्रहाऐवजी ज्ञातीची.

आज 'केल्याचे प्रायश्चित्त भोगणे' हा प्रयोग रूढ आहे. त्यात शब्द शिक्षेचा पर्याय बनला असून निश्चयाचा अंश पुरता लोपला आहे. म्हणून जुन्या चरित्रांत हा शब्द आढळताच तेथे अनुताप वाचणे घाईचे ठरते. त्याआधी क्रियापद पाहावे आणि कोणाचा राग शमवायचा होता, हे विचारावे.