कर्णधारपद मागून मिळाले नाही

गुणवत्तेला जात नसते, असे ऐकवणाऱ्यांपुढे आम्ही पालवणकर बंधूंचा इतिहास ठेवतो.

बाळू पालवणकर चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखायची, नेटमध्ये चेंडू टाकायचे, ही त्यांची नोकरी. इंग्रजांना हरवायला त्यांची डावखुरी फिरकी हवी होती, म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू झेलताना सवर्णांना विटाळ होत नव्हता, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही.

१९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या भावांनी या अन्यायाविरुद्ध संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. पात्रता आधीपासूनच होती, दार उघडले ते संघर्षाने.

हेच बाळू १९३७ मध्ये काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. म्हणून त्यांना विसरायचे का? आम्हाला ते मान्य नाही. हिंदू संघाने त्यांची फिरकी वापरली, काँग्रेसने त्यांचे नाव वापरले. त्यांच्या राजकारणाला आमचा विरोध आहे, पण मैदानावरचा त्यांचा लढा आपलाच आहे.

भोर-वेल्ह्यातल्या तरुणांनो, संघात घेतले म्हणून हुरळून जाऊ नका. कर्णधार कोण आणि तो निवडणारे कोण, हे विचारा.

जयभीम!