सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती आणि स्त्रीची आत्मप्रतिमा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मराठी मनाने विठ्ठलाच्या सावळ्या रूपात सौंदर्य पाहिले. परंतु सून निवडताना त्याच समाजाने गोऱ्या वर्णाला पसंती दिली. हा पूर्वग्रह प्रसारमाध्यमांनी निर्माण केलेला नाही. जात, वर्ग आणि वसाहतकालीन सत्ता यांच्याशी तो पूर्वीपासूनच निगडित आहे. माध्यमांनी त्याला बाजारपेठ मिळवून दिली. ही प्रक्रिया कशी घडली आणि तिचा स्त्रीच्या आत्मप्रतिमेशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जाहिरातींचे बदलते स्वरूप :

१९४१ मध्ये लीला चिटणीस या 'लक्स' साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. १९५२ मध्ये टाटा उद्योगसमूहाने 'लॅक्मे'ची स्थापना केली. या काळात प्रसाधन हे मुख्यतः असलेले रूप खुलविण्याचे साधन होते. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आले आणि वर्ण उजळणे हेच विक्रीचे आश्वासन बनले. परिणामी जन्मजात वर्ण हा दूर करावयाचा दोष ठरला.

१९९१ नंतरच्या उदारीकरणाने व उपग्रह वाहिन्यांनी या प्रतिमा घरोघरी पोहोचविल्या. १९९४ मध्ये सुष्मिता सेन व ऐश्वर्या राय यांना जागतिक किताब मिळाले आणि सौंदर्य हा मध्यमवर्गीय तरुणींच्या महत्त्वाकांक्षेचा विषय झाला. १९९६ मध्ये बंगळूर येथे झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेस तीव्र विरोधही झाला.

प्रतिकार व मर्यादा :

गोरेपणाचा संबंध विवाह व नोकरीशी जोडणाऱ्या जाहिरातींविरुद्ध अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली. २००३ मध्ये केंद्र सरकारने अशा दोन जाहिरातींवर बंदी घातली. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने सावळ्या व्यक्तीला दुःखी अथवा अपयशी दाखवू नये, असे निर्देश दिले. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. तथापि 'गोरेपणा'ची जागा 'तेज' व 'उजळपणा' या शब्दांनी घेतली. नाव बदलल्याने दृष्टी बदलली, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :

या जाहिरातींनी सुंदर स्त्री दाखविली, एवढाच आक्षेप नाही. त्यांनी सामाजिक अन्यायाचे रूपांतर वैयक्तिक उणिवेत केले, हा खरा आक्षेप आहे. नकार देणाऱ्या वरपक्षाला किंवा मालकाला जाब विचारण्याऐवजी मुलगी आरशालाच जाब विचारू लागली. हा न्यूनगंड कायद्याने दूर होणारा नाही. पाहुण्यांच्या स्वागतासाठी वा सूत्रसंचालनासाठी विद्यार्थिनी निवडताना आपण नकळत कोणता निकष लावतो, याचे आत्मपरीक्षण आपण अध्यापकांनीही करणे आवश्यक आहे. वर्गातील सावळ्या मुलीला पुढे उभे राहण्याची संधी नाकारली गेली, तर जाहिरातीचेच काम महाविद्यालय पूर्ण करील.