चांदणी केव्हा उतरवावी? नाताळच्या सजावटीचा दीड हजार वर्षांचा हिशेब

१/१२
नाताळ सरतो, नवे वर्ष लागते आणि खामगाव-बुलढाण्याच्या ख्रिस्ती घरांतही तोच प्रश्न उभा राहतो: दारावरची चांदणी उतरवायची केव्हा? १ जानेवारीला, ६ जानेवारीला, की त्याही पुढे? प्रश्न घरगुती आहे. त्याच्या उत्तरात मात्र एक धर्मसभा, दोन देशांचे कायदे आणि वऱ्हाडचा मिशनकालीन इतिहास दडलेला आहे.

२/१२
आरंभ आपल्या परिचयाच्या गोष्टींपासून करू. गुढी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी उतरते. गणपती दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी निघतो. आकाशदीप दिवाळीपुरता नसून परंपरेने कार्तिक महिनाभराचा असतो. सण केव्हा मांडायचा हे जसे ठरलेले असते, तसेच तो केव्हा आवरायचा हेही ठरलेले असते.

३/१२
हा निर्णय गावागणिक बदलतो, याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नवरात्र संपून अन्यत्र देवीचे मंडप रिकामे होतात, तेव्हा खामगावात कोजागिरीपासून जगदंबेचा उत्सव सुरू होतो. इतरांचा आवरण्याचा काळ तोच खामगावचा मांडण्याचा. तेव्हा सजावटीला ‘उशीर’ झाला की नाही, हे ठरवण्यापूर्वी कोणते पंचांग पाळले जाते ते विचारावे.

४/१२
नाताळचे पंचांग दोन तारखांमध्ये ताणलेले आहे. रोममध्ये २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस चौथ्या शतकात मानला जात होता. पूर्वेकडील मंडळ्यांत ६ जानेवारीला अधिक मान होता. आर्मेनियन चर्च आजही त्याच दिवशी ख्रिस्तजन्म साजरा करते. इ. स. ५६७ मध्ये फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मसभेने नाताळपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचा काळ सलग सणाचा मानला. ‘नाताळचे बारा दिवस’ ते हेच.

५/१२
आता चांदणीकडे पाहा. गव्हाण आणि मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत. तारा मात्र मत्तयाच्या. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष त्या ताऱ्याच्या खुणेने आले आणि त्यांनी सोने, ऊद व गंधरस अर्पण केले. ते तिघे होते असे मत्तय कोठेही म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून पाहुणे तीन. पाश्चात्त्य मंडळ्या त्यांच्या आगमनाचा सण ६ जानेवारीला पाळतात. म्हणजे २६ डिसेंबरला चांदणी उतरवणे हे पाहुणे वाटेत असतानाच दारातला दिवा मालवण्यासारखे झाले.

६/१२
मग ५ जानेवारी की ६? हा वाद गणनेचा आहे. २५ डिसेंबर हा पहिला दिवस धरला तर बारावा दिवस ५ जानेवारीला येतो; २६ पासून मोजले तर ६ जानेवारीला. त्यातच सणाचा आरंभ आदल्या संध्याकाळपासून धरण्याची जुनी रीत. म्हणून इंग्लंडमध्ये ‘बारावी रात्र’ कोणी ५ तारखेला मानतो, कोणी ६ तारखेला. उदयतिथी की प्रदोषतिथी, या चर्चेत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे नवे वाटू नये.

७/१२
तिसरी तारीख याहून लांबची आहे: २ फेब्रुवारी. नाताळपासून चाळिसाव्या दिवशी बाळ येशूला मंदिरात नेल्याची आठवण म्हणून हा सण पाळतात. त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित होतात. जुन्या इंग्लंडमध्ये घरातल्या हिरव्या डहाळ्या या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत ठेवण्याची चाल होती. ‘बारा दिवसांनंतर ठेवली तर अपशकुन’ ही समजूत तिथेही एकमेव नव्हती.

८/१२
आपल्या किनाऱ्यावर हे पंचांग पोर्तुगिजांबरोबर आले. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. १५३४ ते १७३९ या काळात वसई त्यांच्या ताब्यात होती, गोव्यात तर त्यांची सत्ता १९६१ पर्यंत टिकली. गोव्यात रेइश मागुश, कासावली परिसर आणि चांदर येथे ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते. राजांच्या वेशातील मुले मिरवणुकीने निघतात. जिथे ६ तारखेलाच गाव लोटते, तिथे सजावट आधी उतरवण्याचा विचार कोण करील?

९/१२
वऱ्हाडची वाट मात्र वेगळी. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियनांना नाताळच मान्य नव्हता, कारण बायबलात त्याची आज्ञा नाही. १६४० मध्ये तिथल्या संसदेने नाताळची सुटी रद्द केली. ती सार्वजनिक सुटी म्हणून परतली १९५८ मध्ये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. जिथे सणच नाकारला, तिथे बारा दिवस कुठून मोजणार?

१०/१२
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलेल्या अमेरिकन अलायन्स मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे मूळचे प्रेस्बिटेरियन पाळक. अकोला हे मिशनचे मुख्य ठिकाण. खामगाव, बुलढाणा येथेही त्याचे काम चाले. तोवर अशा मंडळ्यांनी नाताळ स्वीकारला होता, पण बारा दिवसांची शिस्त त्यांच्या वारशात नव्हती. दुसरीकडे, १९५५ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती कॅथलिक धर्मप्रांतात बुलढाणा जिल्हा येतो. एकाच जिल्ह्यात असे दोन वारसे नांदतात: एकात दिवस चर्चचे पंचांग सांगते, दुसऱ्यात तो घराने ठरवायचा असतो.

११/१२
कॅथलिक पंचांगही स्थिर राहिलेले नाही. १९६९ च्या सुधारणेनुसार नाताळचा काळ येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला संपतो. तो बहुधा ६ जानेवारीनंतरच्या रविवारी येतो. व्हॅटिकनच्या चौकातील गव्हाणही साधारण तोवर असते. म्हणजे ‘परंपरेने’ एकच तारीख चालत आली, हे विधान कोणत्याही पंथाला पुराव्याने सिद्ध करता येणार नाही.

१२/१२
आज यात चौथे पंचांग मिसळले आहे, बाजाराचे. त्याचा नाताळ डिसेंबर लागण्यापूर्वी सुरू होतो आणि २६ तारखेला संपतो. त्यात वाट पाहणे नाही आणि उशिरा पोहोचणारे पाहुणेही नाहीत. चांदणी कोणत्याही दिवशी उतरवा, शास्त्राचा दंड नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एक सवय लावून घ्यावी. शेजारच्या दारी १० जानेवारीला चांदणी दिसली तर तिला आळस म्हणू नये, आणि १ तारखेला उतरलेली दिसली तर तिला अनास्था म्हणू नये. त्या घराचे पंचांग कोणत्या वाटेने आले, रोमहून, गोव्याहून की अमेरिकेहून, ते विचारावे. किल्ले आणि ताम्रपट यांच्याप्रमाणे दारावरचा कागदी ताराही इतिहासाचे साधन असतो. फक्त तो वर्षातून मोजकेच दिवस वाचायला मिळतो.