शैक्षणिक तंत्रज्ञान : दिवेआगरचा अनुभव

शिक्षणातील तंत्रज्ञानाचा इतिहास साधनांच्या आगमनावरून लिहिला जातो. तो त्यांच्या टिकण्यावरून लिहायला हवा. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी ही शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी संस्था २०१७ मध्ये बंद पडली, तर श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरचा शके ९८२ चा मराठी ताम्रपट आजही वाचता येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्याची वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली, तीही कोविडच्या टाळेबंदीत शिक्षणाची भिस्त ऑनलाइन वर्गांवर असताना. पाठ कितीही कुशलतेने आखलेला असो, विजेचे खांब आडवे झाल्यावर तो मुलांपर्यंत पोचत नाही. वादळ हा अपवाद, असा आक्षेप घेतला जाईल. पण पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यालगत उत्तरेकडे गेले. इंटरनेटविना शिकवण्याचा पर्यायही यातून सुटत नव्हता: सह्याद्री वाहिनीवरील पाठ्यपुस्तकाधारित ‘टिलीमिली’ मालिकेला इंटरनेट लागत नव्हते, वीज मात्र लागतच होती.