अंडी उकडणे (पुसद परिसरातील घरगुती पद्धत)

अंडी उकडणे : कवच न फोडता अंडे उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर शिजवण्याची क्रिया. तिला तेल-मसाला लागत नाही. चूल, शेगडी किंवा गॅस, एक भांडे आणि पाणी एवढ्यावर भागते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद हे पूस नदीकाठचे, डोंगरांनी वेढलेले तालुक्याचे गाव. येथील घरांत दोन तऱ्हेची अंडी शिजतात : दुकानातून ट्रेमध्ये येणारी फार्मची पांढरी अंडी आणि अंगणातल्या कोंबड्यांची किंवा बाजारातून आणलेली गावरान अंडी. दोहोंचे वजन, ताजेपणा आणि टिकाऊपणा वेगळा असल्याने एकच वेळ दोन्हींना लावली, तर एक कच्चे राहते नाहीतर दुसरे जास्त शिजते.

शिजण्याची क्रिया : अंड्याच्या वजनात पांढरा भाग सुमारे ५८ टक्के, बलक ३१ टक्के व कवच ११ टक्के असते. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असून त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. रुंद टोकाला कवचाखालच्या दोन पापुद्र्यांमध्ये हवेची पोकळी असते. पांढरा भाग सुमारे ६२° से.ला घट्ट होऊ लागतो आणि ८०°च्या पुढे पक्का होतो. बलक ६५°ला दाटू लागतो व ७०°च्या आसपास बसतो. पुसद समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मी. उंच असल्याने येथे पाणी ९९° से.ला उकळते, म्हणजे सपाटीवरची वेळ येथे तशीच लागू पडते. चिखलदऱ्याच्या उंचीवर मात्र पाणी सुमारे ९६°लाच उकळते आणि तेथे मिनिट-दोन मिनिटे वाढवावी लागतात.

निवड : अंडे गार पाण्यात सोडून पाहावे. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, काही दिवसांचे रुंद टोक वर करून उभे राहते, तरंगणारे टाकून द्यावे. दिवस जातात तसे छिद्रांतून आतील पाणी उडते आणि हवेची पोकळी वाढते, त्यामुळे अंडे हलके होते. फार्ममध्ये कोंबडा ठेवत नाहीत, म्हणून तेथील अंड्यात पिलू धरत नाही. गावरान अंडे बहुधा फळलेले असते. वऱ्हाडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पारा ४०°च्या वर असतो, तेव्हा कोंबडी अंड्यावर बसली नसली तरी आत वाढ सुरू होऊ शकते. म्हणून त्या दिवसांत गावरान अंडी दोन-तीन दिवसांत संपवावी. खुडूक कोंबडीखाली राहिलेली अंडी खाण्यासाठी काढू नयेत. पिले काढायची अंडी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवणे हाच खात्रीचा उपाय. अंडी साठवताना धुऊ नयेत, कारण कवचावरचा नैसर्गिक लेप निघून जातो. उकडण्याच्या अगदी आधी धुवावी. तडा गेलेले अंडे उकडायला घेऊ नये.

कृती : अंडी फ्रिजमधली असतील तर पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवावी. गार अंडे एकदम तापले की पोकळीतली हवा फुगते आणि कवच तडकते. भांडे असे घ्यावे की अंडी एका थरात बसतील. स्टीलचा गंज (भांडे) किंवा पातेले चांगले, ॲल्युमिनियमचे भांडे आतून काळवंडते. थंड पाण्यात ठेवून उकडायचे झाल्यास अंड्यांवर बोटभर पाणी राहील इतके घालावे, मोठ्या आचेवर उकळी आणावी, मग आच मंद करावी आणि वेळ उकळी आल्यापासून मोजावी. दुसऱ्या पद्धतीत पाणी आधी उकळून अंडी डावाने अलगद सोडतात. या पद्धतीत टरफल सोपे निघते. पाण्यात चमचाभर मीठ घातल्याने तडा थांबत नाही, पण तडकलेल्या जागी पांढरा भाग लवकर थिजतो आणि फारसा बाहेर येत नाही.

वेळ : ५० ते ६० ग्रॅ.चे फार्मचे अंडे उकळत्या पाण्यात सोडल्यावर ६ मिनिटांत पांढरा भाग बसतो व बलक पातळ राहतो, ८ ते ९ मिनिटांत बलक मऊसर होतो, ११ ते १२ मिनिटांत पूर्ण घट्ट होतो. थंड पाण्यातून सुरुवात केल्यास उकळीनंतर ९ ते १० मिनिटे पुरतात. गावरान अंडे सुमारे ४० ग्रॅ.चे असल्याने त्याला मिनिट-दीड मिनिट कमी द्यावे. चुलीवर आच कमी-जास्त होते, म्हणून उकळी धरल्यावर लाकडे मागे ओढून मंद उकळी टिकवावी. इडलीपात्रात वाफेवर १२ ते १३ मिनिटे लागतात. कुकरमध्ये दाबाखाली पाणी सुमारे १२०°पर्यंत तापते, त्यामुळे अंडी फुटू शकतात आणि पांढरा भाग चिवट होतो. अंडी थोडी असतील तर कुकर टाळावा. मायक्रोवेव्हमध्ये सकवच अंडे कधीही ठेवू नये, ते फुटून भाजण्याचा धोका असतो.

गार करणे व सोलणे : वेळ झाली की गरम पाणी काढून अंडी लगेच गार पाण्यात टाकावी, नाहीतर आतील उष्णतेने ती शिजतच राहतात. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी तापलेलेच येते, म्हणून माठातले पाणी घ्यावे आणि ते एकदा बदलावे. पाच मिनिटांनी अंडे ओट्यावर हलके आपटून तळहाताखाली फिरवावे. सर्वत्र बारीक तडे गेले की पोकळीच्या, म्हणजे रुंद टोकापासून पापुद्र्यासह टरफल काढावे. त्याच दिवशी घातलेल्या अंड्याचे टरफल पांढऱ्या भागाचे टवके घेऊन निघते. ताज्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड जास्त, म्हणून तो कमी अल्कधर्मी असतो आणि पापुद्र्याला चिकटून राहतो. पाच-सहा दिवसांचे, नीट साठवलेले अंडे उकडायला सर्वांत सोयीचे. उकडलेले आणि कच्चे अंडे एकत्र झाल्यास ते फिरवून पाहावे : उकडलेले गरगर एकसारखे फिरते, कच्चे डगमगते.

हिरवट कडा : बलकाभोवती दिसणारी करडी-हिरवी कडा फेरस सल्फाइडची असते. जास्त वेळ उकडल्यावर पांढऱ्या भागातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो. ती अपायकारक नाही, पण चव उतरते आणि वास येतो. वेळेवर उतरवून गार केल्यास ती धरत नाही.

आहारातील स्थान : ५० ग्रॅ.च्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅ. प्रथिने, ५ ग्रॅ. स्निग्ध पदार्थ व ७० ते ७५ किलोकॅलरी असतात. अ, ड व ब-१२ जीवनसत्त्वे मिळतात. क जीवनसत्त्व आणि तंतू नसतात, म्हणून सोबत भाजी, कांदा-लिंबू असावे. शिजलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिन पचते, कच्च्यातील सुमारे निम्मेच. पुसद येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि परिसरात आंध, गोंड, कोलाम ही आदिवासी कुटुंबे राहतात. आदिवासी भागासाठीच्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत सात महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीतून आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद आहे. शालेय पोषण आहारात राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू केले, मात्र जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. अशा वेळी घरच्या गंजात नीट शिजलेले अंडे हा मुलांच्या प्रथिनांचा स्वस्त आधार ठरतो.

सुरक्षितता व साठवण : फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव झाला. तेव्हापासून रोगाची बातमी आली की अंड्यांबद्दल धास्ती पसरते. आतपर्यंत ७०° से. तापमान गाठून पूर्ण शिजलेल्या अंड्यात बर्ड फ्लूचा विषाणू किंवा साल्मोनेला जिवाणू तग धरत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्धांना पातळ बलकाचे अंडे देऊ नये. उकडल्याने कवचावरचा लेप जातो, म्हणून उकडलेले अंडे कच्च्यापेक्षा लवकर नासते. फ्रिजमध्ये सकवच ठेवल्यास ते आठवडाभर टिकते. बाहेर दोन तासांपेक्षा आणि ३२°च्या वरच्या उष्म्यात एका तासापेक्षा जास्त ठेवू नये. उन्हाळ्यात शेतावर किंवा शाळेच्या डब्यात ते न सोललेलेच न्यावे, पण तासाभराच्या आत खावे. वास बदललेले किंवा बुळबुळीत झालेले अंडे टाकून द्यावे.