दहा मित्र, पंचेचाळीस रेषा

फळ्यावर वर्तुळाकार दहा ठिपके काढा आणि प्रत्येक ठिपका उरलेल्या प्रत्येकाशी रेषेने जोडा. एकूण ४५ रेषा होतील. ठिपके म्हणजे दहा मित्र, रेषा म्हणजे त्यांचे आपसातील बोलणे. आता एक ठिपका पुसून फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात काढा. जुन्या जागी ३६ रेषा उरल्या, नव्या जागी एकही नाही. जो गेला त्याच्या नऊच्या नऊ रेषा तुटल्या; मागे राहिलेल्या प्रत्येकाची मात्र एकच. विकेंद्रित समाजमाध्यमांच्या इतिहासात हे गणित पुन्हा पुन्हा भेटते.

आज आपले बरेचसे ऑनलाइन बोलणे कोणत्या तरी एका कंपनीच्या संगणकांतून जाते. तिथले नियम ती कंपनी ठरवते आणि खाते बंद करण्याचा अधिकारही तिचाच. कंपनीने दुकान आवरले की जमलेला गोतावळा विखुरतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, तेव्हा भारतातील असंख्य लोकांनी हे अनुभवले. विकेंद्रित जाळ्याला असा एकच मालक नसतो. एखादे विद्यापीठ, संस्था किंवा चार मित्रही आपला सर्व्हर चालवू शकतात आणि हे सर्व्हर ठरावीक नियमांनी एकमेकांशी निरोपांची देवाणघेवाण करतात. या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. पॉल बॅरन या अमेरिकन अभियंत्याने १९६४ मध्ये केंद्रीय, विकेंद्रित आणि वितरित अशा तीन जाळ्यांची चित्रे मांडली. अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी संदेश पोहोचावेत, ही त्यामागची चिंता होती. पुढे टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून १९८० मध्ये ‘यूजनेट’ सुरू झाले. मध्यवर्ती संगणक नव्हताच. एक संगणक दुसऱ्याला टेलिफोनच्या तारेवरून चर्चेचा गठ्ठा पाठवी, दुसरा तिसऱ्याला. ई-मेलही याच घराण्यातले. त्याचा आजही वापरात असलेला मूळ प्रोटोकॉल १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जाते, आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटतही नाही.

मग ई-मेल टिकले आणि यूजनेट का ओसरले? यूजनेटवर अमुक मजकूर नको म्हणणारे कोणी एक नव्हते, तसे तो निस्तरण्याची जबाबदारी असलेलेही कोणी नव्हते. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने आपली जाहिरात हजारो चर्चागटांत एकदम टाकली आणि या व्यवस्थेचे दुबळेपण उघडे पडले. ई-मेललाही नकोशा पत्रांचा उपद्रव झाला. पण प्रत्येक सर्व्हरचालक आपल्या दारात चाळण लावू शकत होता. शिवाय ई-मेलचे नियम गर्दी जमण्यापूर्वीच ठरले होते. नंतर येणाऱ्यांना तेच स्वीकारण्यावाचून गत्यंतर नव्हते.

समाजमाध्यमांत नेमके उलटे झाले. तिथे गर्दी आधी जमली आणि प्रोटोकॉल मागून आले. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी ‘डायस्पोरा’ या विकेंद्रित माध्यमासाठी लोकांकडे दहा हजार डॉलर मागितले. मिळाले सुमारे दोन लाख. इतकी सदिच्छा असूनही लोकांचे मित्र मात्र जुन्याच जागी राहिले. ‘गूगल टॉक’ने २००६ मध्ये इतर सर्व्हरवरील लोकांशी बोलण्याचे दार उघडले होते, पण २०१३ मध्ये त्याच्या जागी आणलेल्या नव्या सेवेत ते दार ठेवले नाही. खुले दार उघडे ठेवायचे की नाही, हे अखेर ज्याच्याकडे गर्दी आहे तोच ठरवतो.

जर्मनीतील ऑयगेन रोखको याने २०१६ मध्ये ‘मॅस्टोडॉन’ सुरू केले. त्याचा आजचा प्रोटोकॉल, ‘ॲक्टिव्हिटीपब’, जानेवारी २०१८ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने एका ज्येष्ठ भारतीय वकिलांचे खाते बंद केले, तेव्हा बरेच भारतीय तिकडे वळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलली, तेव्हा लाखो लोक गेले. त्यांत संशोधक पुष्कळ होते. पण काही महिन्यांतच बरीच गर्दी ओसरली. दारातच पहिला प्रश्न येई: कोणता सर्व्हर निवडू? नवख्याला याचे उत्तर कसे ठाऊक असणार? सर्व्हर चालवणारे बहुधा स्वयंसेवक. वीज, जागा, देखरेख आणि भांडणे सोडवणे, हा सगळा भार त्यांच्यावर. सर्व्हर बदलला तर अनुयायी बरोबर नेता येतात, पण जुने लेखन मागेच राहते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना खुल्या झालेल्या ‘ब्लूस्काय’ने वेगळा मार्ग धरला. तिथे सर्व्हर निवडण्याची अट नाही आणि आपली ओळख व लेखन दुसरीकडे नेता येईल अशी रचना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या खात्यांची संख्या दोन कोटींवर गेली. मात्र ही सोय शक्य झाली ती जाळ्याचा बहुतांश भार एकाच कंपनीने उचलल्यामुळे. म्हणजे मॅस्टोडॉनमध्ये सत्ता खरोखर वाटली गेली, पण कष्टही वाटले गेले. ब्लूस्कायमध्ये कष्ट वाचले, पण सत्तेची वाटणी बरीचशी आश्वासनापुरती राहिली.

आपल्याकडे २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. हे कंपन्यांच्या औदार्याने झाले नाही. तसा नियम करावा लागला. युरोपीय संघाने मोठ्या संदेशसेवांना इतर सेवांसाठी दार उघडण्याचे कायदेशीर बंधन घातले असून ते मार्च २०२४ पासून लागू झाले आहे.

आता पुन्हा फळ्याकडे वळू. दहा मित्रांचे पाच-पाचांचे दोन गट करा आणि फक्त गटांच्या आतल्या रेषा ठेवा. प्रत्येकी दहा, एकूण वीस. गटांमधील भिंतीला दार ठेवले, तर उरलेल्या २५ रेषा परत येतात आणि पुन्हा ४५ होतात. हे करून झाले की मुलांना विचारा: हे दार कोणी उघडायचे, आणि ते उघडे राहील हे कोणी पाहायचे? उत्तर गणिताच्या तासाला मिळणार नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला बहुधा मिळेल.