धावेपासून शेंड्यापर्यंत

बैल धावेवरून उतरले की भरलेली चामड्याची मोट विहिरीतून वर येई, सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी धबाधबा पाटाला लागे. मग बैल मागे सरत पुन्हा काठाशी. कोरेगाव तालुक्यातल्या बागायतीचा दिवस पिढ्यान् पिढ्या असाच उजाडला. पाटाच्या टोकाला दारं धरणारा खोरं घेऊन उभा असे. एक दार मोडायचं, दुसरं बांधायचं, वाफा भरला की पुढच्या वाफ्याकडे वळायचं. माणसाचं आणि बैलांचं काम तिथे संपे. वाफ्यातून शेंड्यापर्यंत पाणी नेण्याचं काम पीक स्वतः करी, तेही ना बैल, ना दोर.

मोटेला पर्याय याच तालुक्यात घडला. पाडळीत, रेल्वेच्या सातारा रोड स्टेशनाजवळ, धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना उभारला. सुरुवात लोखंडी नांगरांनी झाली. १९३३ मध्ये तिथे तयार झालेलं डिझेल इंजिन देशातलं पहिलं म्हणून ओळखलं जातं. त्याआधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर आपल्या कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी वसवली होती. ती आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि त्या पंतप्रतिनिधींचं मूळ गाव किन्हई कोरेगाव तालुक्यात. नांगर, इंजिन, पंप यांचा इतिहास या भागात असा शेजारपाजारच्या गावांतून फिरतो.

पण इंजिनालाही एक अडचण होती. पंप काठावर ठेवून चालत नसे, तो खोल विहिरीत टप्प्यावर उतरवावा लागे. कारण पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर पंप फक्त नळीतला दाब कमी करतो. पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचा जोर समुद्रसपाटीलाही जेमतेम १०.३ मीटरपर्यंतच पुरतो. सातारा भागाच्या उंचीवर त्याहून कमी. प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे पंप नेटाने काम करत नाही. त्यातच नळीला बारीकशी चीर असली की पंप ‘हवा धरतो’. इंजिन धडधडत राहतं आणि पाटात थेंब येत नाही. मग पुन्हा नळीत पाणी ओता, हवा काढा, इंजिनाला हँडल मारा.

त्याच विहिरीच्या बांधावर मात्र पंधरा मीटरचा नारळ उभा असे, आणि त्याच्या शेंड्यापर्यंत पाणी बिनबोभाट पोचत असे.

हे कोडं शास्त्रज्ञांनाही बराच काळ छळत होतं. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी कुंडीतल्या सूर्यफुलाचं वजन रोज करून पानांवाटे किती पाणी उडतं ते मोजलं आणि १७२७ मध्ये ते ग्रंथात मांडलं. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी उलगडा सुचवला: पानातून पाणी वाफ होऊन जातं तेव्हा मागचं पाणी ताणलं जातं, आणि पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की केसाहूनही बारीक नळ्यांतली ती सलग धार मुळापर्यंत तुटत नाही. वरून ओढ, खालून पुरवठा. मोटेच्या नाड्यासारखंच, फक्त नाडा पाण्याचाच. जगदीशचंद्र बोस यांना हे पटलं नव्हतं. खोडातल्या जिवंत पेशी ठोके देत पाणी वर ढकलतात, असं त्यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. त्यांचं मत टिकलं नाही, डिक्सन-जोलींचं टिकलं.

झाडही हवा धरतं. कडक उन्हात एखाद्या नळीत बुडबुडा होतो आणि ती धार तुटते. पण झाडाला नळी एकच नसते. शेजारच्या नळ्यांच्या भिंतींतल्या सूक्ष्म खिडक्या बुडबुडा अडवतात, पाणी मात्र बाजूने वाट काढतं. दुपारी माना टाकलेला वाघ्या घेवडा संध्याकाळी ताठ होतो, तो ऊन उतरल्यावर मुळांचा पुरवठा पानांच्या खर्चाला गाठतो म्हणून. पीक जेवढं पाणी पितं त्यातलं शंभरात सत्त्याण्णव भाग तरी पानांवाटे उडून जातं. ही उधळपट्टी नव्हे. त्याच प्रवाहावर स्वार होऊन नत्र, पालाश, चुना वर चढतात.

मात्र मुळाच्या आत शिरायला त्यांना दार आहे. मुळाच्या आतल्या थरात पेशींभोवती मेणचट पट्टी असते. तिथून पुढे पाण्याबरोबर नुसतं वाहत जाता येत नाही, पेशीच्या पडद्यातूनच जावं लागतं. काय आत घ्यायचं ते मूळ तिथे निवडतं, आणि या दारं धरण्याला शक्ती लागते. शक्तीसाठी मुळाला श्वास घ्यावा लागतो. कोरेगावचा शेतकरी हे सगळं एका शब्दात सांगतो: वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी ती अवस्था. या शब्दाइतका नेमका शब्द शास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच सापडेल.

वाफसा चुकला तर काय होतं ते आल्याच्या शेतात दिसतं. पाणी साचलं की मुळं गुदमरतात, कंदकूज शिरते, आणि पाण्यात उभं असलेलं पीक तहानेल्यासारखं पिवळं पडतं. म्हणून सातारा भागात माहीम जातीच्या आल्याची लागण सपाट वाफे सोडून गादीवाफ्यावर गेली, आणि पाटाच्या जागी ठिबकची नळी आली. दारं धरणाऱ्याचं खोरं भिंतीला टेकलं. खतही आता पाण्यात विरघळून त्याच नळीतून मुळाशी जातं.

आल्याचा धंदा मात्र उलट्या दिशेच्या वाहतुकीवर उभा आहे. पानांत तयार झालेली साखर वेगळ्या, जिवंत नळ्यांतून खाली उतरते, वेग तासाला साधारण अर्धा ते एक मीटर. गड्डा हे मूळ नव्हे, जमिनीत आडवं वाढलेलं खोडच. साखर तिथे पिठाच्या रूपात साठते. शेवटी पाला पिवळा पडतो तेव्हा पानांतलं नत्र आणि पालाशही बरंचसं खाली उतरलेलं असतं. म्हणूनच जाणता शेतकरी पाला वाळू देतो आणि मग काढणी धरतो. जून आलं चहासाठी किसताना किसणीच्या दातांत जे चिवट धागे अडकतात, ते या नळ्यांचेच जुडगे: एकाच धाग्यात वर जाणाऱ्या पाण्याची वाट आणि खाली येणाऱ्या साखरेची.